मुलगी लाजाळू आहे, कविता लिहिते आणि बर्फावरचं स्केटिंग शिकायचं म्हणते: एका आईला सविस्तर उत्तर

ताई, तुम्ही बरंच सविस्तर लिहिलंय. ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतर आयांनाही संदर्भ लागेल. तुमची लेक नववीत आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही पारोळा तालुक्यातल्या गावाहून जळगावला राहायला आलात. गावी ती चांगली बोलकी होती. इथे वर्गात धडा वाचून झाल्यावर बाईंनी प्रश्न विचारला, तिच्या तोंडून अहिराणी निघाली, वर्ग हसला, आणि तेव्हापासून घराबाहेर तिचा आवाज जवळजवळ बंद झाला. पाहुणे आले की ती आतल्या खोलीत जाते. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर कविता लिहिते, त्या तुम्ही तिला न सांगता वाचल्या आणि तुम्हाला आवडल्या. मोबाईलवर बर्फावरच्या स्केटिंगचे व्हिडिओ बघत बसते आणि एक दिवस स्वतःहून म्हणाली, "माले हाई शिकनं शे." घरातले म्हणतात पुढच्या वर्षी दहावी, जळगावात बर्फ आणायचा कुठून, आणि पडून हातपाय मोडले तर उद्या लग्नाच्या वेळी कोण निस्तरणार. शाळेतल्या बाई म्हणतात, गॅदरिंगला तिला कविता म्हणायला उभी करा, एकदा भीड चेपली की झालं. आणि तुम्ही विचारताय, तिचा हा नाद पुरवू का, आणि तिला स्टेजवर ढकलू का.

मी जळगावात बरीच वर्षं मुलामुलींना चाकांचं स्केटिंग शिकवते. त्याआधी शाळेत मराठी शिकवायचे. त्यामुळे तुमच्या लेकीच्या दोन्ही गोष्टींशी माझा रोजचा संबंध आला आहे. पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हो आहे, दुसऱ्याला नाही. दोन्हीची कारणं सांगते, कारण कारण कळलं की तुमच्या घरातल्या परिस्थितीप्रमाणे फेरफार तुम्हीच करू शकाल.

तुम्ही "लाजाळू" असा शब्द वापरला आहे. मला तुमच्या लिहिण्यावरून ती मुळात लाजाळू वाटत नाही. काही मुलं जन्मतः अबोल असतात. ती आधी बघतात, मग बोलतात, आणि त्यात बिघडलेलं काही नसतं. तुमची लेक मात्र बोलत होती आणि हसण्यामुळे गप्प झाली. हा फरक मोठा आहे. तिची जीभ अडलेली नाही, तिने ती आवरून धरली आहे, कारण तोंड उघडलं की लोक काय म्हटलं ते न ऐकता कसं म्हटलं ते ऐकतात हे ती एका दिवसात शिकली. आता तिने स्वतःसाठी निवडलेल्या दोन गोष्टी बघा. कविता ती अशा ठिकाणी लिहिते जिथे कोणी बघत नाही. आणि स्केटिंग हा असा खेळ आहे ज्यात तोंडातून एक अक्षर न काढता माणूस सगळ्यांसमोर उभा राहू शकतो. पोरीने स्वतःवरचा इलाज स्वतःच शोधलाय. आपण मोठ्यांनी त्यात घाई करून तो बिघडवू नये, एवढंच आपलं काम.

म्हणूनच स्टेजवर ढकलण्याला माझा विरोध आहे. "एकदा भीड चेपली की झालं" हे काही मुलांच्या बाबतीत खरं ठरतं, ते मी नाकारत नाही. ज्याला फक्त सवय नाही, तो एकदा उभा राहिला की सुटतो. पण जिला हसण्याचा अनुभव आहे, तिला पुन्हा त्याच शाळेत, त्याच चेहऱ्यांसमोर, तेही स्वतःची कविता घेऊन उभं केलं आणि मागच्या रांगेतून एकजण जरी फिसकन हसला, तर बोलण्याबरोबर लिहिणंही जाईल. एवढी जोखीम कशासाठी घ्यायची? डिसेंबरच्या गॅदरिंगला बाईंना सरळ सांगा की यंदा नको. बाईंचा हेतू चांगला आहे, त्यांना दुखवण्याचं कारण नाही. त्यांना दुसरं काम सुचवा. तुमच्या शाळेत भित्तिपत्रक किंवा हस्तलिखित निघत असेल, तर त्यात तिची एक कविता बिननावाने किंवा टोपणनावाने लागू द्या. अर्थात तिने हो म्हटलं तरच. मी शिकवत होते तेव्हा हा उपाय मला फार उपयोगी पडला. मुलगी फळ्यासमोरच्या गर्दीत उभी राहते, आपली कविता दुसरी पोरं वाचताना बघते, एखादा म्हणतो "ही कुणाची रे?", आणि तिचं नाव कुणालाच माहीत नसतं. शब्द बाहेर गेले, ती मात्र सुरक्षित राहिली. पुढच्या अंकात नाव घालायचं की नाही हे ती ठरवते, आणि माझ्या अनुभवात बऱ्याच जणी दोन-तीन अंकांनंतर स्वतःहून घालतात.

आता वहीबद्दल. तुम्ही ती वाचलीत हे तिला सांगा. तुम्हाला हे अवघड वाटेल आणि काही जणी म्हणतील की झाकली मूठ राहू द्या. पण घरात अशा गोष्टी कळतात. पान किंचित वेगळं दुमडलेलं असतं, किंवा तुमच्याच बोलण्यात तिची एखादी ओळ येऊन जाते. तिला दुसऱ्या मार्गाने कळलं तर घरातही एक जागा कमी झाली असं तिला वाटेल. भाकरी करताना, तिच्याकडे न बघता, दोन वाक्यांत सांगा: "तुझी वही मी वाचली. विचारायला हवं होतं, यापुढे विचारल्याशिवाय हात लावणार नाही." कविता किती छान आहेत हे त्याच दमात सांगू नका. तसं केलं की माफी मागणं बाजूला राहतं आणि कौतुकाची लाच दिल्यासारखं होतं. ती रागावेल, दोन-चार दिवस बोलणार नाही. ते होऊ द्या. नंतर कधी तिने स्वतःहून काही दाखवलं तर "वा, मस्त" म्हणून मोकळ्या होऊ नका. कवितेतलं काहीतरी विचारा. ही ओळ इथेच का तोडलीस? विहिरीचं पाणी "गप" आहे असं का म्हटलंस? असा प्रश्न आला की मुलीला कळतं, समोरच्याने खरंच वाचलं आहे. कौतुकाला तिला उत्तर सुचणार नाही, या प्रश्नाला सुचेल, आणि ते उत्तर देताना ती नकळत चार वाक्यं बोलून जाईल.

तुम्ही लिहिलंय की कविता अर्ध्या बोलीत आणि अर्ध्या पुस्तकी भाषेत आहेत, आणि त्या नीट प्रमाण मराठीत करून घ्याव्यात का. नको. अजिबात नको. परीक्षेच्या पेपरात प्रमाण मराठी लागते, ती ती शिकेलच, त्यात काही अडचण नाही. पण वहीतली अहिराणी कुणी सुधारायला गेलं, तर वर्गातल्या हसण्यावर घरच्यांनी शिक्का मारल्यासारखं होईल. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. जन्म १८८०चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर काम करताना आपल्या बोलीत रचत गेल्या. घरातल्यांनी, म्हणजे मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी, त्यातलं काही टिपून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या, आणि सोपानदेवांनी तो संग्रह आचार्य अत्र्यांना दाखवला तेव्हा १९५२ मध्ये तो पुस्तकरूपाने बाहेर आला. आज आपलं विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे. जी पोरं अहिराणी ऐकून हसली, ती पाठ्यपुस्तकात बहिणाबाईंची बोली पाठ करतात. लेकीला हे व्याख्यान म्हणून देऊ नका, पण आसोदा तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, एखाद्या रविवारी सहज चक्कर मारून या.

आणि याच्या उलट उदाहरणही याच जिल्ह्यातलं आहे. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ मध्ये जळगावात पहिलं मराठी कविसंमेलन भरलं. त्यात या सतरा-एक वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला "बालकवी" ही पदवी दिली. एकाला कोवळ्या वयात भरल्या सभेने डोक्यावर घेतलं, आणि एकीचं पुस्तक ती गेल्यावरच निघालं. दोघांची कविता टिकली. तेव्हा स्टेजवर गेल्याशिवाय मुलीचं काही खरं नाही, असं मनात धरू नका.

आता स्केटिंग. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण घरच्यांच्या शंका इथेच आहेत.

जळगावात बर्फ नाही, धुळ्या-नंदुरबारातही नाही. मेमध्ये पंचेचाळीसला टेकणाऱ्या भागात असणार तरी कसा. पण बर्फावर जाण्याचा रस्ता आपल्याकडे चाकांवरूनच जातो, आणि हा काही दुधाची तहान ताकावर भागवण्याचा प्रकार नाही. पुण्याच्या श्रुती कोतवाल चाकांच्या स्केटिंगमधून बर्फावरच्या स्पीड स्केटिंगला गेल्या आणि देशाकडून खेळल्या. चाकांचा खेळ स्वतःच्या बळावरही मोठा आहे: २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताच्या मुलींनी ३००० मीटर रिलेत कांस्यपदक आणलं, मुलांनीही आणलं. म्हणजे तिने चाकांवर सुरुवात केली तर काहीही वाया जात नाही.

दोन्हींत साम्य काय आणि फरक काय, ते तिलाही सांगा, तिला आवडेल. बर्फावरच्या बुटाचं पातं खालून सपाट नसतं. मधे बारीक खोलगट पन्हळ असते, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा मिळतात. सगळं वळणं, गिरक्या, वेग हे या कडांवर अंग कलवण्यातून येतं. फिगर स्केटिंगच्या पात्याला पुढे दात असतात, ते उड्या आणि गिरक्यांसाठी. नवी मुलं त्यांनी बर्फ ढकलायला जातात आणि तोंडावर पडतात. एका ओळीत चाकं असलेल्या इनलाइन स्केटवर कडा नसतात, तरी गुडघे वाकवणं, वजन एका पायावर आणणं, पाय मागे न ढकलता बाजूला ढकलणं, हे सगळं तेच असतं. थांबणं तेवढं वेगळं. बर्फावर पातं आडवं करून खरवडत थांबता येतं, पण चाकं काँक्रीटवर अशी आडवी सरकत नाहीत, तिथे टाचेचा ब्रेक लावायचा किंवा मागचा पाय आडवा घासत आणायचा. म्हणून चाकांवरून बर्फावर जाणारी मुलगी पहिल्या तासात छान पळते आणि थांबताना कठड्यावर आदळते. ते अपेक्षितच आहे. तिला गिरक्यांचंच वेड असेल, तर फिगरसाठीचे इनलाइन स्केटही मिळतात. त्यांना पुढे दाताच्या जागी रबराचा स्टॉपर असतो आणि चाकं मधे किंचित खाली असतात. पण ते पहिल्या वर्षी घेऊ नका. पहिले दोन-तीन महिने क्लासमधली जुनी जोडी वापरू द्या. मग पाय आणि मन दोन्ही टिकलं तर नवीन घ्या. साध्या जोड्या दोन-अडीच हजारांपासून मिळतात, त्याहून महागाची सुरुवातीला गरज नसते. हेल्मेट, गुडघ्याचे, कोपराचे आणि मनगटाचे गार्ड मात्र पहिल्या दिवसापासून हवेतच, त्यात काटकसर नको.

पडण्याची भीती घरच्यांना आहे, तिलाही असेल. कुठल्याही चांगल्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी पडायला शिकवतात. तोल गेला असं वाटलं की उभं राहण्याची धडपड करायची नाही, गुडघे वाकवून खाली यायचं. आधी गुडघ्याचे गार्ड टेकतात, मग कोपरं, मग तळहात, बोटं वर उचललेली. मागे पडायचं नाही, कारण मग हात मागे जातो आणि मनगट सापडतं. उठताना एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय सरळ रोवलेला, दोन्ही हात त्या रोवलेल्या पायाच्या गुडघ्यावर, आणि अंग वर. आमच्याकडे हे सगळे मिळून करतात. दहा-पंधरा मुलं एकाच वेळी मुद्दाम पडतात आणि उठतात. तुमच्या लेकीसाठी या खेळातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला हीच वाटते. वर्गात ती एकटी चुकली आणि सगळे बघत होते. रिंकवर, म्हणजे स्केटिंगच्या मैदानावर, सगळेच पडतात, आणि कुणाला दुसऱ्याकडे बघायला सवड नसते, कारण प्रत्येकाला स्वतःचे पाय सांभाळायचे असतात. लोकांदेखत चुकूनही काही बिघडत नाही हे तोंडाने सांगून पटत नाही. रोज सकाळी गुडघ्यांना पटावं लागतं.

पहिले काही आठवडे ती कठडा सोडणार नाही. सोडवू नका, शिक्षकांनाही सोडवू देऊ नका. माझ्याकडे आलेली एक मुलगी, नाव सांगत नाही, कठडा धरूनच फेऱ्या मारायची. मी काही बोललं की मान हलवायची, बस. तिला मी बारक्या मुलांच्या लेस बांधायचं काम दिलं. लेस बांधायचीही पद्धत असते. बोटांपाशी सैल, घोट्याला घट्ट, आणि अगदी वरती पुन्हा थोडी सैल, म्हणजे गुडघा पुढे वाकतो. हे करताना प्रत्येक पोराला विचारावं लागतं, "घट्ट होतंय का?" रोज तोच एक प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. समोर सहा-सात वर्षांची पोरं, तीही तिच्या बोलण्याला हसणारी नव्हेत, उलट तिच्याच भरवशावर बसलेली. काही दिवसांनी ती त्या पोरांना रागवायला लागली, म्हणजे "मोजे वर ओढ की रे" वगैरे. मग एका पोराच्या वडिलांनी तिला काहीतरी विचारलं आणि तिने पूर्ण उत्तर दिलं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तुम्ही ज्या क्लासला जाल तिथल्या सरांना किंवा मॅडमना हेच सुचवता येईल. गप्प मुलीला "बोल, बोल" म्हणू नका. जिथे थोडं बोलल्याशिवाय काम होत नाही असं काम तिच्या हातात द्या.

कविता लिहिणाऱ्या मुलींना मी आणखी एक युक्ती सांगते. पावलं मोजताना आम्ही सगळे "एक, दोन, तीन" करतो. त्याऐवजी मनात ओवी म्हणायची. जात्यावरच्या ओवीचे पहिले तीन चरण सारख्या तोलाचे असतात आणि चौथा आखूड. तीन चरणांना तीन वेळा पाय ढकलायचा, डावा, उजवा, डावा, आणि चौथ्याला पाय जुळवून नुसतं घसरत जायचं. पुढच्या ओवीला उजव्याने सुरुवात. घसरताना श्वास सोडायचा. नव्या मुली घसरायला घाबरतात, सतत पावलं टाकत राहतात, आणि म्हणूनच तोल जातो. ओवीतली ती मोकळी जागा त्यांना थांबायला शिकवते. तुमची लेक स्वतःची ओवी रचेल, बहुतेक. तिने ती कुणाला ऐकवली नाही तरी चालेल. पुढे कधी लोकांसमोर वाचायची वेळ आली, तेव्हा ओळीच्या शेवटी थांबून श्वास घ्यायचा असतो हे तिला वेगळं शिकवावं लागणार नाही. घाबरलेली मुलं नेमकी तिथेच चुकतात, शेवटाकडे पळत सुटतात.

एक विषय तुम्ही काढला नाहीत, पण मीच काढते, कारण या वयाच्या मुली खेळ सोडतात त्याचं खरं कारण बहुतेक वेळा हे असतं. पाळी आणि कपडे. मुलगी सांगत नाही, "कंटाळा आला" म्हणते आणि येणं बंद करते. गडद रंगाची सैलसर ट्रॅक पँट आणि लांब टी-शर्ट पुरेसा आहे, अंगाला घट्ट बसणारे कपडे शर्यतीला उतरेपर्यंत कुणालाही लागत नाहीत. त्या दिवसांत बरं वाटत असेल तर यावं, नसेल तर खुशाल सुट्टी घ्यावी, आणि सुट्टीचं कारण सांगायची सक्ती नसावी. क्लास बघायला जाल तेव्हा दोन गोष्टी आवर्जून बघा: मोठ्या मुली किती आहेत, आणि मुलींसाठी स्वच्छ बाथरूम आहे का. शिकवणारी बाई असेल तर उत्तम, नसेल तर निदान एखादी जाणती सीनियर मुलगी हवी. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्ग पहाटे भरतात, साडेसहा-सातनंतर काँक्रीट तापायला लागतं. त्या वेळी रस्त्यावर टवाळ पोरंही नसतात, हा एक जादा फायदा. तुम्ही सोडायला-आणायला जा, पण तासभर कठड्याशी उभ्या राहू नका, आणि कृपा करून मोबाईलवर शूटिंग करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. तिला कुणी बघावं हे तिच्या हातात राहू द्या.

बोलण्याकडे परत येते. घराबाहेर आवाज फुटायचा तर एकटीने फुटण्याआधी चार जणींत फुटावा. त्यासाठी आपल्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण, आहे. आखाजीला गावी जा. लिंबाला झोका बांधलेला असतो, गौराईची गाणी चाललेली असतात, सासरहून आलेल्या पोरी आणि त्यांच्या लहान बहिणी एका दमात म्हणत असतात, आणि कोण किती सुरात आहे हे कुणी मोजत नाही. भाषा तीच, जिच्यावर इथे हसले. शहरात आल्यापासून तुम्ही आखाजीला गेलात की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसाल गेलात तर यंदा जा. मग घरात एखाद्या संध्याकाळी शेंगा फोडताना दुसऱ्या कुणाची कविता तिला मोठ्याने वाचायला सांगा. स्वतःची वाचणं फार पुढचं आहे. हात कामात असले आणि समोरच्याची नजर आपल्यावर नसली की आवाज सहज निघतो.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते. मी वर लिहिलेलं सगळं घरात मोकळी असणाऱ्या मुलीला लागू आहे. तुमची लेक घरात धाकट्या भावाशी भांडते, खाते-पिते, शाळेत जाते, असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मी निश्चिंतपणे लिहिते आहे. पण घरातही बोलणं थांबलं, रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोटात दुखायला लागलं, झोप किंवा जेवण तुटलं, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या, किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलणं किंवा खूण दिसली, तर स्केटिंग आणि कविता यांच्या भरवशावर एक दिवसही राहू नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकांना दाखवा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि वर्गातलं हसणं अजून चालू असेल तर ते आधी थांबवायला हवं. वर्गशिक्षकांना भेटून नेमकं काय म्हणतात आणि कोण म्हणतं ते सांगा. रोज तिथे मीठ चोळलं जात असताना इथे आपण कितीही फुंकर घातली तरी उपयोग होणार नाही. किती दिवसांत फरक पडेल हेही मी सांगू शकत नाही. काही मुली एका सत्रात खुलतात, काहींना दोन वर्षं लागतात, आणि काही शेवटपर्यंत कमीच बोलतात, पण ताठ उभ्या राहून बोलतात.

दहावीचं म्हणाल तर आठवड्यातून तीन सकाळी, तासभर, यात अभ्यास बुडत नाही. मोबाईलवर बर्फ बघण्यात जाणारा वेळ यापेक्षा जास्त असेल. राज्य मंडळ स्पर्धा खेळणाऱ्या मुलांना दहावीला सवलतीचे गुण देतं, नियम शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचारा. पण घरच्यांना पटवायला म्हणून गुणांचं आमिष पुढे करू नका. ते एकदा पुढे केलं की तिने स्पर्धा जिंकलीच पाहिजे असा हिशेब सुरू होतो, आणि जी एक जागा तिला मोकळी सापडली होती तिथेही परीक्षा येऊन बसते. परीक्षेच्या आधीचे दोन महिने एखाद-दुसरी सकाळ ठेवा, अगदी बंद करू नका.

आणि बर्फ. चाकांवर एक वर्ष नीट झालं, ती एका पायावर आरामात घसरायला लागली आणि न आदळता थांबायला लागली, की तिला खरा बर्फ एकदा दाखवा. तोपर्यंत मुंबईतल्या मॉलमधल्या बर्फाच्या जाहिरातींवर पैसे घालू नका. कुठे नुसता खेळायचा भुसभुशीत बर्फ असतो, कुठे प्लास्टिकच्या फरशा असतात, म्हणून फोन करून विचारल्याशिवाय निघू नये. गुरुग्रामला एका मॉलमध्ये खऱ्या बर्फाचं रिंक आहे. डेहराडूनला २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेलं मोठं बंदिस्त रिंक आहे. सिमल्याचं रिंक उघड्यावरचं, १९२० पासूनचं, तिथे थंडीत रात्री पाणी गोठवून बर्फ धरतात आणि पारा चढला की तास रद्द होतो, म्हणून एकाच दिवसाच्या भरवशावर जाऊ नये. जळगाव-भुसावळहून दिल्लीला थेट गाड्या आहेत, तेव्हा दहावीनंतरच्या सुट्टीत जायचं तर बंदिस्त रिंकच बघा, आणि निघण्याआधी ते चालू आहे का याची खात्री करा. हातमोजे घ्या, बर्फावर पडल्यावर बोटं मिटून मूठ करायची हे तिला आधीच सांगून ठेवा, कारण मागून येणाऱ्याचं पातं धारदार असतं. मोजे पातळ घ्या. थंडी म्हणून जाड लोकरी मोजे घातले की पाय बुटात हलतो आणि घोट्याला आधार राहत नाही. भाड्याचा बूट नेहमीच्या चपलेच्या मापाने घेऊ नका, घालून, लेस बांधून, गुडघे वाकवून बघा. टाच आत उचलली जात असेल तर एक माप लहान मागायचं, आणि ते तिलाच खिडकीवर जाऊन मागू द्या.